दोघांपुरता भात

या पृथ्वीवर दोनच प्रकारचे देश आहेत, अशी आमच्या साडूभाऊंची श्रद्धा आहे. एक, जिथे स्पॅनिश बोलतात ते. आणि दुसरे, जिथून तिथे जायला विमान मिळतं ते. आपण ज्या अमिरातीत नोकऱ्या करतो, पोरं वाढवतो, ती दुसऱ्या प्रकारात मोडते. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातला स्वतःचा फ्लॅट त्यांनी कायम विमानतळावरच्या वेटिंग रूमसारखा वापरला.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसीच्या कंपनीत इंजिनिअर. बाकीचे लोक रजेत गावच्या घराला रंग काढून यायचे. हे मेक्सिको, पेरू, स्पेन करून नवा हेल घेऊन परतायचे. सुपरमार्केटमधल्या फिलिपिनो कॅशियर मुलीशी ते हटकून स्पॅनिश बोलायचे, कारण तिच्या भाषेत टेबलाला आणि चमच्याला स्पॅनिशच शब्द आहेत म्हणे. ती शांतपणे विचारायची, "सर, थैली चाहिये?" शेजारी त्यांची लेक मान खाली घालून "बाबा, प्लीज, नॉट अगेन" पुटपुटायची. तेवढ्याने नाउमेद होणारा हा माणूस नव्हे. मेक्सिकोचं मोले म्हणजे चॉकलेट पडलेलं आपलं काळं वाटण, हा सिद्धान्त त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलाय की हल्ली घरच्या मटणालाही मला कोकोचा वास येतो.

पण खरी प्रवासी ताई, म्हणजे त्यांची बायको. साडूभाऊंना तिथली क्रियापदं यायची, ताईला एक शब्द येत नसे. मेक्सिकोतल्या एका बाजारात एक बाई मक्याची रोटी थापत होती. ताईने तिच्याशेजारी फतकल मारली, पीठ ओढलं आणि भाकरी थापून दाखवली. मग दोघी खूप वेळ बोलत बसल्या, ताई मराठीत, ती तिच्या भाषेत. दुभाष्याचं काम करायला हौसेने उभ्या राहिलेल्या साडूभाऊंना दोघींनी मिळून पाणी आणायला पिटाळलं.

एका वर्षी स्पेनला आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. व्हॅलेन्सियात दुपारी पाएया मागवला. हा पसरट कढईत केलेला केशरी भात. कमीत कमी दोघांपुरताच करतात आणि कढईसकट टेबलावर आणून ठेवतात. मला तो अळणी लागला, म्हणून मी खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून वर भुरभुरली. आजूबाजूची टेबलं गप्प झाली. साडूभाऊंनी मेनूकार्डामागे तोंड लपवलं. ताईने मात्र "मला पण दे रे" म्हणत चटणीचा सगळा भाग आपल्याकडे ओढला आणि मिटक्या मारत संपवला. पुढे जेवण झालं तरी बिल येईना. दुबईत शेवटचा घास तोंडात असतानाच बिल आणि बडीशेप समोर येते. त्यामुळे वेटर विसरला असं समजून मी पाकीट उघडून थेट त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो. आचाऱ्याने मला दंडाला धरून परत खुर्चीत आणून बसवलं.

"अहो, इथे हाकलत नाहीत कुणाला," साडूभाऊ म्हणाले. "जेवून झाल्यावर नुसतं बसायचं. सोब्रेमेसा म्हणतात त्याला."

ताई हसली. "त्याला नाव कशाला हवं? आमच्याकडे सगळे खरकटे हात वाळेपर्यंत असेच बसायचे. आई ओरडली की मग उठायचे."

ताई गेली आणि साडूभाऊंचं स्पॅनिशही गेलं. "सर आजकल कुछ बोलते नहीं," असं त्या कॅशियर मुलीने एकदा माझ्याजवळ म्हटलं. जेवण ओट्याशी उभ्या उभ्या. रजा पडून राहिलेली. शेवटी लेकीने मला फोन केला. "काका, ही वोंट गो एनीव्हेअर. टॉक टु हिम ना."

रविवारी मी स्वतः पाएया रांधून अल बर्शातल्या आमच्या घरून डबा घेऊन गेलो. केशराऐवजी हळद आणि घरात होता म्हणून इंद्रायणी तांदूळ, त्यामुळे कोलंबी घातलेली खिचडी झाली होती. साडूभाऊंनी झाकण काढून पाहिलं आणि सरळ तूप आणलं. तिघांनी हातानेच खाल्लं. लेक हात धुऊन आत गेली, तेव्हा मी विषय काढला. एकट्याने का होईना, एकदा जाऊन या.

"पाएया एकट्याला देत नाहीत," ते म्हणाले.

"मग दोघांचा सांगायचा. अर्धा खायचा, उरलेला पार्सल."

"पार्सल कुणासाठी आणू?"

मी हात धुवायला उठत होतो, तो परत बसलो. बोटांवरची हळद वाळून ताणायला लागली. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला रजा मिळेल का?"

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

"दुबईतलं इन्शाल्ला नको. हो की नाही ते सांगा."

"हो."

"चटणी घ्या बरोबर," ते ताटाकडे बघत म्हणाले. "तिच्या वाटणीची."

मग बोलण्यात व्हॅलेन्सिया निघालं, तो बाजार निघाला, मी स्वयंपाकघरात शिरलो ते निघालं. एवढ्यात आतून लेकीचा आवाज आला. एरवी इंग्रजीशिवाय न बोलणारी पोर स्वच्छ मराठीत, हुबेहूब ताईच्या सुरात ओरडली, "अहो, हात धुवा ना आता!"

मी खुर्ची मागे सरकवली. साडूभाऊंनी माझ्या मनगटावर आपला वाळलेला हात ठेवला.

"बसा," ते हळूच म्हणाले. "अजून एकदा ओरडू दे."