तांड्याचं सरपण कुठं धरायचं?

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हा मला ऊर्जेच्या आराखड्यासाठी तात्पुरतं काम मिळालं. घरोघरी किती सरपण, किती रॉकेल लागतं ते मोजायचं. ते आकडे भरले की पुढच्या दहा वर्षांत कुठं किती इंधन लागेल, हे संगणक सांगणार होता. कसं सांगणार, ते मला बी.एस्सी. होऊनही कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटायची.

पावसाळा सरताना औंढ्याजवळच्या एका तांड्यावर गेले. एका मावशीनं नुकताच आणलेला भारा मी ताणकाट्याला अडकवला. फॉर्मात बाभूळ, तुराट्या, गौऱ्या यांचे रकाने वेगळे, म्हणून तो सोडायला लागले.

"काहून सोडून राहिल्या, ताई? चुलीत तर समदं संगंच जळतं."

दुसरी फेरी हिवाळ्यात होती. तेव्हा दारांना कुलपं. सगळे दुसऱ्या जिल्ह्यांत ऊसतोडीला गेलेले. दिसेल तेच लिहायचं, अशी सूचना होती. मी शून्य लिहिलं.

महिन्याभरानं कार्यालयात यादी निघाली. बिनधुराच्या चुली मिळणाऱ्या गावांत तांडा नव्हता; माझ्या शून्यानं त्याची वर्षाची सरासरी खाली आणली होती. मी आराखड्याच्या साहेबांकडे गेले.

"सर, ती माणसं तिकडंही रांधतातच ना?"

"रांधतात. पण ते त्या जिल्ह्याच्या आराखड्यात यायला हवं."

"तिकडं धरलं असेल?"

साहेबांनी चष्मा काढला. "ते मलाही माहीत नाही," म्हणाले. मग माझा फॉर्म पुढं ओढून, "बरं, पावसाळ्यातलाच आकडा वर्षभर धरा."

इथं न जळलेलं लाकूड इथं मांडणं मला खोटं वाटलं. न मांडणंही खोटंच वाटत होतं. शेवटी मांडलं.

उन्हाळ्यात सहज तांड्यावर गेले. मावशीच्या घरात नवी बिनधुराची चूल होती. ती मात्र रागात होती.

"गार्ड रानात जाऊ देईना आता. तांडा लई लाकूड जाळतो म्हणं, कागदावर आलंय."

तो माझाच कागद होता की दुसरा कुणाचा? साहेबांची तोवर बदली झाली होती, आणि नव्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"तुमी तोलून गेल्या व्हत्या न," मावशी म्हणाली, "बराबर किती भरलं?"

मी त्या दिवशीच्या भाऱ्याचं वजन सांगितलं.

"मंग हे लई हाय व्हय?"

मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं, तर ती हसली. "तोलणारीलाच ठाऊक नाय, मंग 'लई' म्हून लिवलं कुणी?"