ग्रंथालयाचा पालथा आलेख

माझी वहिनी विद्यापीठात संगणकावरची चित्रं शिकवते. पहिल्या सत्रात हलती चित्रं, म्हणजे माऊसनं धरून फिरवता येतील, जवळ ओढता येतील अशी. दुसऱ्या सत्रात आकड्यांची चित्रं, म्हणजे ढीगभर आकडे असे मांडायचे की बघणाऱ्याला ते वाचावे लागू नयेत, नुसते दिसावेत. मला हे इतकं नेमकं सांगता येतं, कारण लग्न होऊन आल्यापासून ती आमच्या आईला हेच समजावून सांगते आहे. आई सगळं ऐकून घेते, मान डोलावते आणि शेजारणीला सांगते, "सून चित्रकला शिकवते हो, कॉलेजात."

वहिनीनं आता दुरुस्त करणं सोडून दिलंय. "चित्रकला तर चित्रकला," म्हणते. "आमच्या विभागप्रमुखांना तेवढंही माहीत नाही."

मी गाडी चालवायला शिकवतो. घरात आम्ही दोघं मास्तर, त्यामुळे संध्याकाळच्या चहाला आमची चढाओढ लागते, आज कोणाचं डोकं जास्त फिरलं याची. मी सांगतो, आज एका काकांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि वर मलाच म्हणाले, "तुमची गाडी ऐकत नाही." वहिनी सांगते, आज एकानं ठोकळा फिरवून दाखवायचा गृहपाठ आणला. ठोकळा नेटवरून उचललेला, आणि मूळ बनवणाऱ्याची सही त्याच्या एका बाजूवर तशीच गरगर फिरत होती. "विचारलं तर म्हणतो, मॅडम, सही त्यांची आहे पण फिरवली मी."

माझा दादा दिवसभर दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे उभा राहून आलेला असतो. तो मध्ये बोलत नाही, शेवटी फक्त निकाल देतो. बहुतेक वेळा वहिनीच जिंकते.

तिची प्रयोगशाळा मी पाहिली आहे. लांबट खोली, खिडक्यांना धड न सरकणारे पडदे. दुपार झाली की निम्म्या संगणकांवर ऊन येतं आणि मुलं वहीचा आडोसा धरून काम करतात. प्रोजेक्टर लाल रंग विटकरी दाखवतो आणि पिवळा दाखवतच नाही. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग घ्यावा, हा तास ती त्याच प्रोजेक्टरवर घेते. "हा पिवळा." "कुठे, मॅडम?" "आहे. माझ्यावर विश्वास ठेवा." नव्या प्रोजेक्टरसाठी तिनं इतके अर्ज केले आहेत की कार्यालयातला कारकून तिला बघितलं की आधीच मान हलवतो.

आता संगणकाच्या पडद्याची एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. वहीत आलेख काढताना आपण खालून वर मोजतो. आकडा मोठा, तर रेघ उंच. संगणकाचा पडदा मात्र वरच्या कोपऱ्यातून मोजायला लागतो आणि खाली येतो. तिथे आकडा मोठा, तर जागा खाली. हे लक्षात ठेवून आपण हिशेब उलटवून घेतला नाही, तर आलेख शीर्षासन करतो. गर्दी वाढली की रेघ पडते. वहिनी हे पहिल्या आठवड्यात सांगते, दुसऱ्या आठवड्यात सांगते, परीक्षेच्या तोंडावर पुन्हा सांगते. "मी फळ्यावर लिहिते, ते फोटो काढतात, आणि तो फोटो जन्मात उघडत नाहीत," ती म्हणते. "पालथ्या घड्यावर पाणी."

त्या वर्षी तिच्या वर्गात एक मुलगी होती. वहिनी घरी तिला 'झटपट' म्हणायची. इतरांचं वाचून होईपर्यंत हिचं करून झालेलं असायचं. हात विलक्षण चालायचा, रंगांची जाण उपजत. पण केलेलं परत तपासून बघायचं म्हणजे तिला अपमान वाटायचा. वहिनी तिचं जितकं कौतुक करायची तितकीच तिच्या नावानं बोटं मोडायची.

विद्यापीठाची पाहणी करायला बाहेरून समिती येणार होती. विभागप्रमुखांनी मुख्य दारात भिंतभर मोठा पडदा लावून घेतला. ग्रंथालयाच्या दारात आत जाणारी माणसं मोजणारं यंत्र होतंच. त्याचे आकडे त्या पडद्यावर लाटेसारखे वाहताना दिसावेत, बोट लावलं की मागचे महिने सरकत यावेत, अशी त्यांची कल्पना. कल्पना वाईट नव्हती. पण हे ज्या बाईचा विषय, तिला त्यांनी विचारलं नाही. ती फार शंका काढते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी परस्पर झटपटला बोलावलं.

तिनं शनिवार-रविवारात करून दिलं. विभागप्रमुखांनी बघितलं आणि म्हणाले, "सुंदर! फक्त हे बाजूचे आकडे कशाला? उगाच गर्दी दिसते." तिनं आकडे काढले.

त्या सोमवारी वहिनी घरी आली ती चप्पल न काढताच बसली. "काय झालं?" आईनं विचारलं.

"दारात आलेख लावलाय. इतका देखणा आहे की बघत राहावं," वहिनी म्हणाली. "आणि पालथा आहे."

सुट्टीत लाट आभाळाला टेकत होती आणि परीक्षेच्या दिवसांत तळाला जात होती. बाजूला आकडे असते तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण आकडेच नव्हते. वहिनी विभागप्रमुखांकडे गेली.

"सर, आलेख उलटा आहे. सुट्टीत ग्रंथालय भरतं असं दिसतंय त्यात."

"मग बरोबरच आहे की," ते म्हणाले. "सुट्टीत मुलांना वाचायला निवांत वेळ असतो."

वहिनीनं हे सांगितलं तेव्हा दादानं चहाचा कप खाली ठेवला आणि निकाल तिथेच देऊन टाकला.

मग तिनं झटपटला गाठलं. ती म्हणाली, "मॅडम, सरांनी सांगितलंय, समिती जाईपर्यंत कोणी हात लावायचा नाही." आणि वर विचारलं, "पण दिसायला छान आहे ना?" वहिनीला घेरीच यायची बाकी होती.

समिती आली, लाटेसमोर उभं राहून फोटो काढून गेली. त्यानंतर वहिनी दोनदा आठवण करायला गेली, आणि दोन्ही वेळा विभागप्रमुख 'बघू' म्हणाले. लाट तशीच राहिली. आता कुलगुरू रोज सकाळी त्या दारातून आत येतात. माणूस तसा विचारी, पण विचार करायला समोर जे आहे त्यावरच करणार. परीक्षा जवळ आल्या आणि एक दिवस परिपत्रक निघालं: परीक्षेच्या काळात ग्रंथालयाचा वापर अत्यल्प असल्याचं आढळून आल्यानं ते यापुढे संध्याकाळी सहा वाजता बंद होईल.

वहिनीनं ते स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्यानं वाचलं. 'आढळून आल्यानं' हे शब्द तिनं परत वाचले.

"मग चित्रात चूक आहे असं सांग ना त्यांना," आई म्हणाली.

"आई, सांगितलं मी."

"परत सांग."

"किती वेळा?"

"तू शिकवतेस ना? मग आमच्यापेक्षा तुला जास्त माहीत," आई म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर मी वहिनीला आणायला गेलो होतो. शिकवायची गाडी होती, दोन्हीकडे ब्रेकवाली. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मुलांचे घोळके बसलेले, काही उभ्यानंच वाचत होती. बंद दाराला टेकून एक मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. वहिनी थांबली.

"तू इथे काय करतेस?"

ती झटपट होती. "खोलीत आम्ही चौघी आहोत, मॅडम. एक सतत फोनवर असते. मी रोज इथेच आत बसायचे." लॅपटॉप मिटत ती म्हणाली, "माझ्यामुळेच ना?"

मला वाटलं, आता वहिनी तिची चांगली हजेरी घेणार. मी गाडीकडे निघायच्या बेतात होतो.

"हो, तुझ्यामुळे," वहिनी म्हणाली. "आणि आता रडू नकोस, रडून लाट सुलटी व्हायची नाही. उद्या कुलगुरूंकडे बैठक लावलीय ग्रंथपालबाईंनी. मी जाणारच आहे. तू येतेस?"

"मला ओरडतील."

"ओरडतील. रांगेत तुझ्याआधी मीच आहे."

बैठकीत काय झालं ते मला दोघींकडून वेगवेगळं ऐकायला मिळालं, पण मुद्द्यात फरक नव्हता. वहिनीनं तोच आलेख सुलटा करून, बाजूला आकडे घालून आणला होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. कुलगुरूंनी चष्मा लावून दोन्ही बघितले.

"म्हणजे आता यातला खरा कुठला?" त्यांनी विचारलं.

"हा, सर. आकडे आहेत तो."

"पण दोन्ही संगणकानंच काढलेत ना? आज तुम्ही म्हणता तो उलटा. उद्या दुसरं कोणी येऊन म्हणेल हा उलटा."

वहिनी सांगते, त्या क्षणी तिला नोकरी सोडून आपण घरी बसून स्वेटर विणावेत असं वाटलं.

विभागप्रमुख मध्ये पडले. "विद्यार्थिनीकडून किरकोळ चूक झाली आहे, सर. मुलं आहेत. समज देण्यात येईल."

तेव्हा झटपट उभी राहिली. "चूक माझीच आहे, सर. मॅडमनी वर्गात शिकवलं होतं, मी तपासलं नाही."

"बस खाली," विभागप्रमुख म्हणाले.

"उभी राहा," वहिनी म्हणाली, आणि मग तिच्या तोंडाचा जो पट्टा सुटला तो सुटलाच. "तिची चूक तिनं कबूल केली, सर. पण आकडे काढून टाकायला तिला कोणी सांगितलं? मी लाट बघितली त्याच दिवशी तुम्हाला येऊन सांगितलं, तेव्हा सुट्टीत मुलं निवांत वाचतात असं मला कोणी ऐकवलं? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर द्या, पण आधी ग्रंथालय उघडा."

विभागप्रमुख आपल्या पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "सर, आलेखाचं राहू दे. ग्रंथालय इथून जिना उतरलं की आहे. चला ना, बघून येऊ."

सगळे निघाले. दुपारची वेळ होती. संध्याकाळचे तास गेल्यामुळे सगळी गर्दी दिवसावर लोटली होती. एकही खुर्ची रिकामी नव्हती. मुलं कपाटांच्या मधल्या बोळांत मांडी घालून बसली होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवर पाय वर घेऊन बसली होती. एकजण शिडीच्या मधल्या पायरीवर बसून टिपणं काढत होता. कुलगुरूंना गुडघ्यांचा त्रास, त्यांना जरा टेकायचं होतं. ते एका टेबलाशी जाऊन उभे राहिले. कोणी मान वर करून बघितलं नाही. शेवटी एक मुलगी कुजबुजली, "काका, जरा उजेड सोडा ना."

कुलगुरू बाजूला झाले. परत फिरताना विभागप्रमुख दाराशी वहिनीला हळूच म्हणाले, "आश्चर्य आहे. पडद्यावर तर इतकं कमी दाखवतंय."

वहिनीनं कपाळावर हात मारला. खरंच मारला, झटपट म्हणते, आवाज आला.

परिपत्रक मागं घेतलं गेलं. म्हणजे तसं म्हटलं नाही कोणी, 'विद्यार्थ्यांच्या वाढत्या प्रतिसादामुळे' ग्रंथालय पुन्हा उशिरापर्यंत उघडं राहील असं जाहीर झालं. मधल्या काळात प्रतिसाद कसा वाढला, ते कोणी विचारलं नाही. झटपटनं वहिनीच्या शेजारी बसून लाट सुलटी केली. बदल एका ओळीचा होता. वहिनीनं ती ओळ तिला तीनदा तपासायला लावली आणि मग आकडे परत घालायला लावले, चांगले ठसठशीत.

हे सगळं विद्यापीठभर पसरलं. आकड्यांची चित्रं शिकवणाऱ्या मॅडमनी कुलगुरूंना जिना उतरायला लावला, अशी गोष्ट झाली, आणि पुढच्या सत्रात तिच्या विषयाला दुप्पट मुलांनी नावं घातली. संगणक होते तेवढेच. प्रोजेक्टरही तोच. विभागप्रमुखांनी तिचं अभिनंदन केलं आणि एका संगणकावर दोघं बसवा असा सल्ला दिला. घरी येऊन ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या गाडीत एका स्टिअरिंगवर दोघं बसवता का हो?" मी म्हटलं, "माझ्या गाडीत एका वेळी एकच जण चुकतो, तेवढंच सुख."

झटपट पास झाली. तपासून बघण्याचे मार्क वहिनीनं तिला पूर्ण दिले नाहीत, आणि तिनंही मागितले नाहीत. तिला एका मोठ्या दवाखान्यात काम मिळालं, रुग्णांच्या तपासण्यांचे आलेख डॉक्टरांसाठी मांडायचं. परवा तिचा फोन आला. वहिनी फोन कानाला लावून बराच वेळ गॅलरीत फेऱ्या मारत होती. झटपटचा साहेब तिला म्हणाला होता, बाजूचे आकडे काढून टाका, स्वच्छ दिसेल.

"मग तू काय म्हणालीस?" वहिनीनं विचारलं.

पलीकडून झटपट इतक्या तावातावानं बोलत होती की मला आतल्या खोलीत ऐकू येत होतं. साहेब ऐकत नाही, कोणाला काही कळत नाही, किती वेळा सांगायचं, डोकं फिरायची पाळी आली आहे.

वहिनी मध्ये एकदाही बोलली नाही. नुसती 'हं, हं' करत ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच महिन्यांत न पाहिलेलं समाधान होतं.