मंगळवारचे दहा हजार

माझी आत्या कवठे येमाईच्या आरोग्य केंद्रात नर्स होती. निवृत्त झाल्यावर ती शिरूरला राहायला आली, तेव्हा तिथं एटीएम नवीनच होतं. मी यवतच्या शाळेत शिकवायचे. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

एका सोमवारी सकाळी ती पेन्शन काढायला एकटीच गेली. कार्ड दोनदा आत घालूनही पैसे येईनात. मागं उभ्या असलेल्या माणसानं तिला आई म्हणून हाक मारली, कार्ड मागून घेतलं आणि तिला पिन दाबायला लावला. मग मशीन बिघडलंय असं सांगून कार्ड परत दिलं. घरी आल्यावर तिनं पाहिलं, तर कार्डावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं.

आम्ही दोघी लगेच रिक्षानं बँकेत गेलो. काउंटरवरच्या क्लार्कनं सांगितलं, अर्ज लिहून उद्या आणा. आत्यानं तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला, माझं कार्ड बंद करा असं त्यात स्पष्ट घातलं आणि नकलेवर शिक्का घेतला. शिक्क्याशेजारी तारीख आणि वेळही लिहून घेतली, पावणेबारा. पेशंटच्या कागदांवर वेळ टाकण्यात तिचा जन्म गेला होता.

त्या संध्याकाळी ती रागावली नव्हती. डोळ्यांदेखत कार्ड बदललं कसं, हेच तिला कळत नव्हतं. तिनं माझ्या हातात माझं ओळखपत्र आणि तिचं वाचनालयाचं कार्ड दिलं आणि मला अदलाबदल करायला लावली. मी दर वेळी पकडली गेले.

गुरुवारी पासबुक भरून घेतलं. सोमवारी दहा हजार गेले होते आणि मंगळवारी आणखी दहा. वर सोमवारी खात्यात होते त्याहून जास्त पैसे मागून पाहिलेले, तेव्हा शिल्लक कमी पडली म्हणून दंड कापलेला. मॅनेजर पुण्याचे होते, बोलायला सौम्य. सोमवारचे पैसे सकाळी अकरालाच गेल्याचं त्यांनी कॉम्प्युटरवर पाहून सांगितलं. ते म्हणाले, पिन तुमच्याकडूनच गेला, अशा वेळी बँक भरपाई देत नाही, तसा नियम आहे.

आत्यानं विचारलं, "कुठं लिहिलाय? मला वाचायचाय."

त्यांनी ड्रॉवरमधून कार्डासोबत मिळते ती पुस्तिका काढली. सगळी इंग्रजीत, बारीक अक्षरांत. मी वाचून तिला मराठीत सांगत गेले. कार्ड गेल्याची लेखी खबर बँकेला मिळेपर्यंत जे व्यवहार होतील, त्यांची जबाबदारी ग्राहकाची.

"आन् खबर मिळाल्यावर?"

मी पान उलटलं. त्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. आत्यानं शिक्क्याची नक्कल टेबलावर ठेवली.

"सोमवारचे माझे गेले, मान्य हाय. मंगळवारचे कुणाचे गेले, साहेब?"

मॅनेजरनी ती नक्कल दोनदा वाचली. मग क्लार्कला बोलावून तिची झेरॉक्स काढायला सांगितली आणि प्रकरण पुण्याच्या मुख्य ऑफिसला पाठवलं.

दोन महिन्यांनी साडेनऊ हजार जमा झाले. पाचशे कशाचे कापले, असं आत्यानं विचारलं, तर अशा भरपाईत ग्राहकाचाही थोडा वाटा असतो, असं सांगण्यात आलं. तेवढं कागदावर लिहून द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं. कुणी लिहून दिलं नाही. तिनं पुन्हा अर्ज दिला, पुन्हा शिक्का घेतला. पुढच्या महिन्यात पाचशे रुपये कसलंही पत्र न येता खात्यात आले.

दंड मात्र परत मिळाला नाही. त्याचं विचारायला मी रजा काढून आत्याबरोबर बँकेत गेले. शिल्लक सोमवारीच कमी पडली होती, मंगळवारचा त्यात संबंध नाही, असं मॅनेजर म्हणाले. आत्यानं पासबुक उघडून दंडाची तारीख पाहिली. मग म्हणाली, "हे त्यांचं बरोबर हाय." आणि आम्ही घरी आलो.