वीस गुणांचं घराणं

अप्पांनी विसरायला सुरुवात केली ती माझ्यापासून, हा मान घरात दुसऱ्या कोणालाच मिळाला नाही.

एके सकाळी मी कॉलेजला निघालो, तर तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, बसलेले अप्पा अदबीने उठून उभे राहिले. ‘‘या सार, बसा. कोणाकडे काम होतें?’’ सार म्हणजे सर, आणि मी तर त्यांचा थोरला मुलगा, गणिताचा प्राध्यापक. पण माझ्याकडेच माझं काम निघालं होतं!

डॉक्टर म्हणाले, ‘‘वय झालंय, आता असंच चालायचं.’’ अप्पा दिवसातून अनेकदा विचारत, ‘‘ही कोठें गेली?’’ ही म्हणजे माझी आई. ती जाऊन काही वर्षं झाली होती. पहिल्यांदा मी खरं सांगून टाकलं. अप्पा तिण्णैच्या खांबाला धरून असे रडले, की जणू आत्ताच घडलं. आणि संध्याकाळी पुन्हा, ‘‘ही कोठें गेली?’’ तेव्हापासून आम्ही सांगायचो, ‘‘तिरुवैयारुला अक्काकडे गेलीय. येईल बसने.’’ मग ते रस्त्याकडे बघत बसायचे. (खरं सांगणं वाईट की हे वाईट, याचं उत्तर मला अजूनही काढता आलेलं नाही.)

याच अप्पांना परदेशी पैलवानांची वजनं मात्र तोंडपाठ! माझ्या मुलीला, वसूला, तिच्या मामाने मद्रासहून पैलवानांच्या पत्त्यांचा नवा खेळ आणून दिला होता. प्रत्येक पत्त्यावर एक दांडगा फोटो, खाली उंची, वजन, ताकद. आपण एक गुण पुकारायचा. ज्याचा आकडा मोठा, तो समोरच्याचा पत्ता खातो. आजोबा-नात दुपारभर खेळत. मुलाचं नाव गेलं, पण त्या केसाळ राक्षसांची नावं राहिली!

‘‘मग आपलीच माणसं घाला की पत्त्यांवर,’’ सरोजा, म्हणजे माझी बायको, डांगर कालवता कालवता म्हणाली. ‘‘खेळता खेळता ओळखतील.’’

कल्पना तिची. नासवली मी. कारण मी म्हणालो, ‘‘खेळ समतोल पाहिजे!’’

जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कापले. काका, मामा, चुलत, मावस, सगळ्यांचे फोटो चिकटवले. गुण चार: स्वयंपाक, गाणं, राग आणि हिशेब. एकेका गुणाला दहापैकी आकडा, पण चारांची बेरीज प्रत्येकाची वीसच. म्हणजे कोणी सगळ्यांना खाणार नाही आणि कोणी अगदीच फुकट जाणार नाही. शिवाय वसूच्या हट्टाखातर प्रत्येकाला एक खास शक्ती. तिच्या आईची शक्ती, ‘समोरच्याचे पत्ते न विचारता बघू शकते.’ माझी, ‘बोलायला लागला की सगळे उठून जातात. डाव रद्द.’

‘‘हे कोणी लिहिलं?’’ मी विचारलं.

‘‘सगळ्यांनी मिळून,’’ वसू म्हणाली.

रविवारी तिरुवैयारुहून अक्का, माझी थोरली बहीण, आणि भावोजी जेवायला आले. अप्पांनी अक्काच्या मागे वाकून बघितलं. ‘‘आई नाही आली?’’

‘‘बस चुकली तिची,’’ अक्का म्हणाली आणि डोळे पुसायला थेट न्हाणीघरात गेली. बाहेर आली ती समोर स्वतःचा पत्ता! (पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरी पत्त्यावरची अक्षरं तमिळ, त्यावरची भांडणं मराठी.)

‘‘गाणं सात? मुलांना गाणं शिकवून माझा घसा झिजला, आणि मला सात?’’

‘‘अगं अक्का, समतोल! गाणं दहा केलं तर स्वयंपाक चारावर येईल.’’

‘‘येऊ दे!’’

‘‘तसा तो चारच आहे,’’ भावोजी पुटपुटले.

‘‘काय म्हणालात?’’

भावोजींनी चटकन विषय बदलला, आणि नेमका चुकीच्या दिशेने बदलला. ‘‘हिचा राग चार लिहिलाय. पुढचं एखादं शून्य राहिलं असेल, बघ.’’

अय्यो! पुढचा अर्धा तास त्या शून्याचा हिशेब झाला. तेवढ्यात अक्काने आपली खास शक्ती वाचली, ‘गायला लागली की समोरच्याने एक डाव गप्प बसायचं.’ आता ती वसूवर घसरली, सरोजा लेकीच्या बाजूने उतरली, मी फळ्यावर शिकवतात तशी बेरीज समजावू लागलो, आणि माझी खास शक्ती खरी ठरली. सगळे उठले.

‘‘पोदुम!’’ अप्पा ओरडले. पुरे!

सगळे जागच्या जागी थांबले. अप्पा कितीतरी दिवसांनी ओरडले होते. त्यांनी सगळे पत्ते पसरले होते आणि ते एकेक उलटून बघत होते.

‘‘हिचा पत्ता कोठें?’’

गेलेल्या माणसाचा पत्ता करायचा असतो, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘‘करायचा राहिलाय आजोबा,’’ वसू म्हणाली. ‘‘आत्ता करतात.’’

मी आणि अक्का भांडण तसंच ठेवून खाली बसलो. तिच्या पर्समध्ये आईचा एक छोटा फोटो निघाला. तो मी वाकडा चिकटवू लागलो, तेव्हा तिने माझ्याकडून डिंक काढून घेतला.

‘‘स्वयंपाक दहा,’’ अक्का म्हणाली.

‘‘दहा. गाणं?’’

‘‘पीठ दळताना म्हणायची ते आठवतं? दहा.’’

‘‘राग?’’

‘‘दहा!’’ हे भावोजी म्हणाले. त्यांनी जावई म्हणून तो सोसला होता.

‘‘बेरीज तीस झाली अक्का. हिशेबाला काही उरलं नाही. आणि आई तर शाळेतही गेली नव्हती.’’

अक्काने डिंक खाली ठेवला. ‘‘अप्पांच्या पगारात पाहुण्यांसकट सगळे रोज जेवत होते. तू कॉलेजात शिकलास. तो कोणाचा हिशेब होता?’’

मी दहा लिहिलं. चाळीस! मांडलेला सगळा समतोल एका पत्त्याने मोडला. खास शक्तीची जागा तशीच ठेवली. दोघांपैकी कोणालाच लिहिता येईना.

अप्पांनी तो पत्ता घेतला, बराच वेळ बघितला आणि हातातल्या पत्त्यांच्या अगदी मागे लावला. मग खेळ सुरू झाला. अप्पा हरत गेले. मामा गेला, काका गेला, भावोजी गेले, अक्का गेली. मीही गेलो. शेवटी त्यांच्या हातात आई एकटी उरली.

‘‘टाका ना आजोबा!’’ वसू कळवळली. ‘‘हा टाकलात की डाव तुमचाच!’’

अप्पांनी पत्ता छातीशी धरला. ‘‘नको. बसमध्ये उभी राहून आलीय. बसूं दे तिला जरा.’’

अक्का उठून आत गेली. सरोजा तिच्या मागोमाग गेली. भावोजी चष्मा पुसू लागले, आणि मला हिशेबाला दहा गुण असूनही कुठे बघावं ते कळेना.

अप्पांनीच मग वसूच्या ढिगातला एक पत्ता उचलला. माझा. तो त्यांनी डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला आणि हळू आवाजात मला विचारलं, ‘‘सार, हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे?’’

‘‘थोडासा,’’ मी म्हणालो.

‘‘मग सांगा त्याला. राग आठ आणि गाणें शून्य! अशाने कोण खेळायला घेणार त्याला?’’

‘‘सांगतो,’’ मी म्हणालो. ‘‘पण सार, तो कोणाचं ऐकत नाही.’’

अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘बापाचें वळण असेल,’’ ते म्हणाले.