जावयासाठी पडणारे घोडे

मी संशयी आहे, हे मला मान्य आहे. नवरा मला घरातली सीआयडी म्हणतो आणि त्याला वाटतं तितकी ती थट्टा नाही. पण हा संशय मी हौसेने अंगी बाणवलेला नाही. लहानपणी पुण्यात रेसच्या सीझनमध्ये बाबा रेसकोर्सवरून परत आले की आई दार उघडायला मला पाठवायची. ती स्वतः स्वयंपाकघरातून हलायची नाही. मी दार उघडायचे आणि आधी खाली बघायचे. बाबांनी चपला भिरकावल्या, एक इकडे एक तिकडे, तर घोडा लागलेला असायचा. वाकून चपला भिंतीशी नीट जोडीने लावून ठेवल्या, तर ते हरलेले असायचे. आत जाऊन मी आईला नुसत्या मानेने सांगायचे. हरलेला माणूस अचानक टापटिपीने वागायला लागतो, हे मला शाळेच्या वयातच कळलं.

आईच्या आजारपणात बाबांनी रेस सोडली. निदान तसं ते म्हणाले. त्यानंतर त्यांच्या चपला कशाही पडलेल्या असायच्या, म्हणून मीही विश्वास ठेवला. आई गेल्यावर ते टॅबवर परदेशातल्या रेस बघायला लागले. त्यातही इंग्लंडमधल्या उड्यांच्या रेस. आपल्याकडे घोडे नुसते सपाट पळतात, तिकडे ते मैलोगणती पळत कुंपणांवरून उड्या मारतात आणि त्यात निम्मे धडपडतात. "पैसे कुठे लावतोय, नुसता बघतो," असं बाबा म्हणायचे. मी मात्र पुण्याला गेले की पहिल्यांदा दारातल्या चपला बघायचे.

बाबा आमच्याकडे दोहाला आले तेव्हा रमजान चालू होता आणि मार्च महिना होता. आम्ही अल सद्दला राहतो. नवरा रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. एरवी कंपनीच्या बसने तो अंधार पडता पडता उतरतो, पण रमजानात कामाचे तास कमी, त्यामुळे दुपारीच घरी. रस्ते सुस्त, दुकानं बंद, सगळं शहर संध्याकाळच्या अजानीची वाट बघत बसलेलं. अशा दुपारी माणसाने झोपावं. माझा नवरा बाबांसमोर चहा घेऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला घोड्यांतलं कळतं ना? आमच्या सेक्शनला एक गोरा आहे. त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात उड्यांच्या रेसचा मोठा फेस्टिव्हल आहे म्हणे. तो सगळ्यांना टिप्स विचारत असतो. तुमच्या काही असतील तर द्या, त्याला सांगतो."

बाबांनी बशीतला चहा संपवायला फार वेळ घेतला. मी भाजी निवडत होते, माझे हात थांबले. गोऱ्याला टिप्स हव्यात तर तो स्वतः शोधेल. रास लफानच्या बसमध्ये बसून तो पुण्याच्या सासऱ्याची वाट कशाला बघेल?

"बघतो ना," बाबा म्हणाले. "सांगतो तुम्हाला, जावईबापू."

एवढंच. नाही म्हणाले नाहीत. इथे जुगार हा गुन्हा आहे. फोनवरून लावा नाहीतर गोऱ्याच्या इंग्लंडमधल्या एखाद्या भावाकरवी लावा, पकडलं गेलं तर नोकरी खलास आणि नोकरीबरोबर आमचे सगळ्यांचे व्हिसे. मुलीची शाळा, हे घर, सगळं त्या एका माणसाच्या कामावर उभं. आणि बाबा स्वतः त्याच जावयाच्या स्पॉन्सरशिपवर, व्हिजिट व्हिसावर इथे आलेले. रात्री मी नवऱ्याला सरळ विचारलं, तू लावणार आहेस का? तो म्हणाला, "छे गं, नुसती गंमत. तू पण ना." त्याने "तू पण ना" म्हटलं की माझा संशय पक्का होतो.

फेस्टिव्हल सुरू झाला त्या सकाळी मी डबा भरत होते आणि बाबा ओट्याशी उभे राहून जावयाला घोडे सांगत होते. आवाज अगदी बँकेतल्या माणसासारखा. पावसाने जमीन मऊ झाली आहे, या घोड्याला मऊ जमीन आवडते. त्या दुसऱ्याचा तबेला यंदा जोरात आहे. तिसरा वजनाला हलका आहे आणि शेवटच्या चढावर थकत नाही. नवरा फोनमध्ये भराभर लिहून घेत होता. गोऱ्यासाठी एवढी तत्परता मी त्याच्यात लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली.

दुपारी तो घरी आला आणि फोन घेऊन बेडरूममध्ये गेला. इंग्लंडात दुपार व्हायची तेव्हा इथे ऊन कलायला लागलेलं असतं. संध्याकाळी तो पाय मोकळे करायला म्हणून खाली गेला आणि परत आला. मी दाराशीच होते. त्याने बूट काढले, रॅकमध्ये ठेवले, लेस आत खोचल्या आणि शेजारच्या माझ्या सॅंडल्सही सरळ केल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाचे बूट मी हॉलच्या मध्यावरून उचलत आले आहे. मला घोड्याचं नाव विचारायची गरज राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. बाबांनी मनापासून घोडे सांगितले, नवऱ्याने मनापासून लिहून घेतले आणि संध्याकाळी बूट रॅकमध्ये ओळीने. मला सगळ्यात जास्त राग बाबांचा आला. ज्या माणसाने आईला आयुष्यभर स्वयंपाकघरात धास्तावून उभं ठेवलं, तो आता मलाही तसंच उभं करत होता, आणि तेही माझ्याच घरात.

तिसऱ्या दिवशी नवरा बस पकडायला गेल्यावर मी बाबांना गाठलं. ते बाल्कनीत लुंगी वाळत घालत होते. "बाबा, तुम्ही माझ्या नवऱ्याला नादी लावताय," मी म्हणाले. "आईचं झालं, आता माझं करा."

त्यांनी चिमटा लावला, दुसरा लावला. मग आत येऊन स्टुलावर बसले.

"मी त्यांना पडणारे घोडे देतोय," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"जे लागणार नाहीत ते शोधून देतो. त्याला जास्त अभ्यास लागतो. उडी मारताना पुढचे पाय आखडणारे, मऊ जमिनीत रुतणारे. बोलायला चांगले वाटतील आणि शर्यतीत मागे राहतील असे." बाबा खाली बघून बोलत होते. "पहिलाच घोडा लागला ना, की माणूस गेला. माझा लागला होता. पहिल्यांदाच सपाटून हरलो असतो तर तुझ्या आईचं आयुष्य वेगळं झालं असतं."

"मग सरळ नाही म्हणून सांगा ना त्याला."

"जावयाला? त्यांच्या घरात, त्यांच्या व्हिसावर राहून, त्यांच्या ताटात जेवून मी त्यांना शिकवू, की बापू, जुगार वाईट? आणि मी कुठल्या तोंडाने सांगू?"

आमच्या घरात जावयाला सासरा कधी एकेरी हाक मारत नाही, त्याच्यासमोर पाय पसरून बसत नाही, मग त्याला चार शब्द सुनावणं तर लांबच. माझा नवरा कितीही म्हणाला, "बाबा, मला अरे-तुरे करा हो," तरी बाबा सोफ्याच्या कडेलाच बसणार. त्या रीतीतून त्यांनी ही वाट काढली होती. नाही म्हणायचं नाही, द्यायचं, आणि वाईट द्यायचं. मला ते पटलं. पण पूर्ण विश्वास बसला असं नाही. जो माणूस इतक्या साधेपणाने खोट्या टिप्स देऊ शकतो, तो मला खरं सांगत असेल कशावरून?

मात्र त्या संध्याकाळी बूट पुन्हा रॅकमध्ये गेले, आणि जेवताना नवरा पहिल्यांदाच बाबांची थोडी थट्टा करत बोलला. "बाबा, तुमचे घोडे बहुतेक उपास करतायत. रमजान ना." स्वतःच हसला. बाबाही हसले. पण त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

शेवटचा दिवस शुक्रवारचा. इथली सुट्टी. फेस्टिव्हलमधली सगळ्यात मोठी रेस त्या दिवशी असते. इथे अजान होऊन खालच्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी पुन्हा सुरू झाली होती. नवऱ्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला, म्हणजे आता लपवाछपवीही नको. "यल्ला बाबा, चला, सांगा," तो म्हणाला. "आज कोण पडणार?"

आज कोण पडणार. थट्टाच होती, पण सासऱ्याशी करायची ती थट्टा नव्हती. मी नवऱ्याकडे डोळे वटारले. बाबा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. घोडे गोल फिरत होते, अंगावर रंगीत झुली, वरून भुरभुर पाऊस. मग त्यांनी एका तपकिरी, कपाळावर पांढरा पट्टा असलेल्या घोड्याकडे बोट दाखवलं. "हा," ते म्हणाले. या वेळी जमीन, वजन, तबेला काहीच सांगितलं नाही.

रेस सुरू झाली. पहिल्या फेरीत तो पट्टेवाला मागेच होता आणि मी निश्चिंत झाले. दुसऱ्या फेरीत एक घोडा कुंपणात अडकून पडला, त्याच्यावर दुसरा अडखळला. पट्टेवाला त्यांच्या बाजूने शांतपणे निघून गेला. मी पडद्याकडे बघायचं सोडून बाबांकडे बघितलं. ते सोफ्याच्या कडेला बसले नव्हते. पुढे वाकून, पाय फाकून बसले होते आणि उजव्या हाताने स्वतःच्या मांडीवर थापा मारत होते, एकेका उडीला एकेक. शेवटच्या कुंपणाच्या आधी ते "उचल" म्हणाले. घोड्याने उचललं. चढावर तो एकटाच होता.

मग नवरा हळूच म्हणाला, "मी लावलाच नव्हता."

"काय?"

"आज नाही लावला. काल रात्रीच ठरवलं होतं, खलास. बाबांचे घोडे लागतच नाहीत, कशाला उगाच." बोलताना त्याची नजर पडद्यावरून हलत नव्हती. तिथे पट्टेवाल्याला पाणी मारत होते. "पण हा लागला की हो बाबा. आणि तुम्ही नुसतं बघून सांगितलंत."

म्हणजे औषध लागू पडलं होतं. आदल्या रात्रीच माझा नवरा त्यातून बाहेर आला होता, आणि मला किंवा बाबांना ते माहीत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्याचा चेहरा पाहिला. तो सुटलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. असा चेहरा मी लहानपणी पाहिलेला आहे, बाबा सकाळी रेसकोर्सला निघताना.

बाबा खाली चालायला गेले. मी कचऱ्याची पिशवी घेऊन मागोमाग गेले. बिल्डिंगच्या मागे, पार्किंगच्या कठड्याशी ते उभे होते.

"तो पडणारा नव्हता," मी म्हणाले.

"नाही."

"बाबा, का?"

त्यांनी कठड्यावरची धूळ हाताने झाडली. मग म्हणाले, "अगं, त्यांना वाटायला लागलं होतं, मला घोड्यांतलं काही कळत नाही."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. आईच्या वाटचंही ओरडायचं होतं. पण एक म्हातारा माणूस जावयाच्या घरी आठवडाभर सोफ्याच्या कडेला बसून मुद्दाम मूर्ख ठरत होता, आणि शेवटच्या दिवशी त्याला ते सहन झालं नाही. मी हातातली कचऱ्याची पिशवी टाकली आणि त्यांच्याबरोबर लिफ्टकडे वळले. वर आल्यावर बाबांनी चपला काढल्या, वाकले आणि भिंतीशी जोडीने लावून ठेवल्या. घोडा लागूनही नीट लावलेल्या त्या चपला मी पहिल्यांदाच पाहिल्या.

ते पुण्याला गेले तेव्हा नवऱ्याने विमानतळावर त्यांची बॅग स्वतः ढकलली आणि वाकून नमस्कार केला. दिवाळीला करतो तसा उरकून नव्हे, अगदी पायाला हात लावून. बाबा पाय मागे घेत होते.

एप्रिलमध्ये तिकडे उड्यांची आणखी एक मोठी रेस असते. हे मला कुणी सांगितलं नाही, मी शोधून काढलं. त्या दिवशी नवरा बाहेरून येताना पुण्याच्या चितळ्यांची बाकरवडी मिळते त्या दुकानातून पाकीट घेऊन आला, मुलीची पुस्तकं नीट रचून ठेवली आणि मग मला म्हणाला, "बाबांना फोन लाव ना. सहज. तब्येत विचारू."

मी फोन लावला. तब्येत विचारून झाली. मग नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि बाबांनी त्याला एक नाव सांगितलं. त्याने ते परत म्हणून पाठ केलं, फोन माझ्याकडे दिला आणि आतल्या खोलीत गेला. दार लोटून घेतलं.

मी बाल्कनीत जाऊन आवाज खाली आणला. "बाबा, पडणारा दिलाय ना?"

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, बाबांच्या शेजारच्या घरातली असावी.

"पडायला हवा," ते म्हणाले.

मी फोन ठेवला आणि नवरा खाली जाऊन आला की बूट कुठे काढतो ते बघायला दारातल्या रॅकपाशी जाऊन उभी राहिले.