सातव्या गाण्याचं नाव

फोन आला तेव्हा मी क्लासमध्ये फळ्यावर धडा लिहीत होते. पलीकडून अविनाश बोलत होता, तायडे सरांचा मुलगा. "ताई, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले..." मुलांना घरी पाठवून मी कुलूप लावलं आणि समोरचा रस्ता ओलांडून सरांच्या घरी गेले. आता दीड महिना होत आला. त्या घराच्या पुढच्या खोलीत सरांची टायपिंगची संस्था तीस वर्षं चालली. खामगावात सरकारी नोकरीला लागलेल्या कितीतरी माणसांची बोटं त्या खोलीत घडली. माझीही तिथलीच.

सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत आणि रागावले की वऱ्हाडीवर येत. पहिली चूक झाली की मागून हात येई आणि मशीनमधला कागद सर्रकन ओढून निघे. "कागद खराब झाला. नवा लाव." ओळ पूर्ण करायचीही मुभा नसे. आम्ही रडकुंडीला येत असू, पण मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेत त्यांचे विद्यार्थी सहसा नापास होत नसत. आतून काकूंच्या, सरांच्या बायकोच्या, गुणगुणण्याचा आवाज येई. काकूंचं माहेर बीबीचं, लोणारकडचं. त्यांच्या बोलण्याला आणि ओव्यांना एक वेगळा, मराठवाड्याकडे झुकलेला हेल होता. मशीनचा खडखडाट सुरू झाला की त्या गप्प होत. आम्हाला ते कधी जाणवलंही नाही.

पुढे लग्न होऊन मी त्याच रस्त्यावर आले आणि दोन कॉम्प्युटर घेऊन सरांच्या अगदी समोर क्लास काढला. जागा तिथेच मिळाली हे खरं. पण दुसरीकडे मी शोधलीही नव्हती, हेही खरंच. उद्घाटनाचे पेढे घेऊन गेले तर सरांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. "मीच शिकोलं तुले, अन् तू माह्याच समोर येऊन बसली?" एवढंच म्हणाले. वर्षभरात त्यांच्या क्लासची मुलं माझ्याकडे यायला लागली. त्यानंतर सर माझ्या दारासमोरून जाताना मान वळवत. काकू मात्र खिडकीतून हात करायच्या. त्या वारल्या तेव्हा मी गेले, बायकांत बसले. सर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी एका दुपारी सर क्लासच्या दारात उभे राहिले. हातात एक चकती, कागदी पाकिटातली. अविनाशनं पुण्याहून पाठवली होती. कॉलेजात असताना त्यानं काकूंची गाणी टेपवर धरून ठेवली होती, ती आता सीडीवर उतरवून घेतली होती. घरात सीडी वाजवायला काहीच नव्हतं.

"वाजते का हे तुह्या मशीनवर?" त्यांनी विचारलं. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता.

"वाजते ना सर. या ना आत."

माझं मशीन जुनं होतं. त्यातला नेहमीचा प्लेअर उघडायलाच वेळ घेई आणि गाणं मध्येच अडकत चाले. शिवाय माऊस सरांच्या हातात राहीना. बाण पडद्याच्या कडेला पळून जाई आणि ते चिडत. "काय उंदीर पकडून राह्यलो मी या वयात!" मग मला आठवलं, माझ्याकडे एका फ्लॉपीवर सीडी वाजवायचा एक लहानसा प्रोग्रॅम होता. पडद्यावर काडेपेटीएवढी खिडकी आणि सगळं काम कीबोर्डवरून. तो टाकायला घेतला तर इंग्रजी करारनामा समोर आला. मी सवयीनं 'मान्य' वर जायला लागले. सरांनी माझा हात धरला. "वाचल्याबिगर मान्य करते काऊन?" आणि त्यांनी चष्मा पुसून तो सगळा करारनामा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला, दोन ठिकाणी व्याकरणाच्या चुका काढल्या आणि मग म्हणाले, "हं. दाब आता."

स्पेसबार दाबला की गाणं थांबे, पुन्हा दाबला की सुरू. बाणांनी पुढचं-मागचं. सरांनी एकदा ऐकून घेतलं आणि अंगठा स्पेसबारवर ठेवला, टायपिंगच्या मशीनवर ठेवत तसाच. हेडफोन लावले. काकूंचा आवाज आला असावा, कारण त्यांनी एकदम पाठ ताठ केली. मी उठून दुसरीकडे गेले.

थोड्या वेळानं हाक आली. "हे काय वं? 'ट्रॅक एक, ट्रॅक दोन'... याले नावं नाहीत काय?" सीडीत नावं नसतात, पण या प्रोग्रॅममध्ये आपण ती लिहू शकतो, ती चकती पुन्हा घातली की मशीन ओळखतं, असं मी सांगितलं. मात्र अक्षरं फक्त इंग्रजी. सरांना ते पटलं नाही, तरी रोज चारच्या सुमाराला येऊन ते एकेका गाण्याला नाव देऊ लागले. इंग्रजी अक्षरांत मराठी, न बघता, दहाही बोटांनी. 'बीबीची ओवी'. 'अविनाशच्या बारशाची'. 'पोळ्या लाटताना'. क्लासची मुलं आपापलं काम सोडून त्या बोटांकडे बघत राहत. त्या दिवसांत सर माझ्याशी बोलू लागले. एकदा म्हणाले, "तिचा गळा चांगला होता. मी तिले कधी अडोलं नाही. गा म्हनो मी तिले." मी मान डोलावली.

सातव्या गाण्याच्या दिवशी मात्र ते पुढे सरकेनात. मागचा बाण, पुन्हा तेच गाणं. पुन्हा मागचा बाण. शेवटी त्यांनी हेडफोन काढून माझ्यापुढे धरले. काकू माहेरावरची एक ओवी म्हणत होत्या, सुरेख, सावकाश. दुसरी ओळ वर चढली आणि मध्येच एक पुरुषी आवाज आला. "पुरे कर वं आता. पोरं आले क्लासची." ओवी तुटली. मग भांड्याचा आवाज, आणि मशीनचा खडखडाट सुरू...

आवाज सरांचा होता.

"मले आठवतच नाही वं," सर म्हणाले. "मी तर म्हनतो, मी तिले कधी अडोलं नाही." त्यांचा चेहरा मला बघवेना. मी काहीतरी समजूत घालायला गेले, की क्लासची वेळ होती, त्यात काय एवढं. त्यांनी हातानं थांबवलं. मग कीबोर्ड ओढला आणि लिहिलं, 'इथे मी थांबवलं.' मी म्हटलं, "सर, दुसरं नाव देऊ या ना. 'माहेरची ओवी' म्हणा." ते म्हणाले, "जे झालं तेच लिहा लागते."

तीन-चार दिवस ते आले नाहीत. मग आले ते सीडी न घेता. क्लासमधला एक मुलगा दोन बोटांनी टकटक करत होता, त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. "मनगट वर. बोटं ए-एस-डी-एफवर." तेव्हापासून चार वर्षं सर माझ्या क्लासात शिकवत होते. आणि आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना खरं वाटणार नाही, पण ते कोणालाही मध्ये तोडत नसत. पोरगं पहिल्याच शब्दाला चुकलं तरी हात मागे बांधून उभे राहत. ओळ पूर्ण झाली की मगच वाकून चूक दाखवत. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "आमच्या वेळी हे सर कुठे होते?" ते हसले नाहीत. "तुमच्या वेळी मले कोनी आयकोलं नव्हतं," म्हणाले.

सरांच्या तेराव्यानंतर अविनाश क्लासवर आला. त्यानं सगळी गाणी ऐकली, नावं वाचली. सातव्यापाशी थांबला. मी विचारलं, "त्या दिवशी काकूंना वाईट वाटलं होतं का रे?" त्यानं खूप आठवून पाहिलं. "नाही सांगता येत, ताई. मला टेप बंद करायची घाई होती." चकती त्याच्याबरोबर पुण्याला गेली. नावं चकतीत नसतात, म्हणून ती मी कागदावर छापून दिली, सातव्यासकट.

काल क्लासमध्ये मलकापूरहून नवीन आलेली एक मुलगी पहिल्याच ओळीत चुकली. माझा हात सवयीनं पुढे झाला, "थांब" शब्द ओठावर आला... मी हात मागे घेतला. ती मान खाली घालून पुढची अक्षरं शोधत होती, हळूहळू, एकेक. मी ओळ संपेपर्यंत तिच्या मागे उभी राहिले.