खंडेनवमीला वाजलेला फोन

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आमच्या भोईवाड्यात दर तिसऱ्या घरात कुणाला तरी काहीतरी दिसलेलं असतं... मी ऐकायचे आणि भाजी निवडत बसायचे.

माझा तळमजल्यावर छोटासा गाळा आहे, तिथून मी नर्सिंग ब्युरो चालवते. घरी आजारी माणसं सांभाळायला बाया पाठवते. ऑफिसचा फोन इंटरनेटवर घेतला आणि डोक्याला ताप झाला. अख्ख्या बिल्डिंगला एकच लाइन. सगळे एकदम नेटवर बसले की माझ्या फोनवरचा आवाज तुटायचा. केबलवाला म्हणायचा, "ताई, स्पीड एकदम मस्त आहे." मस्त म्हणे! पेशंटच्या घरचे तीन-तीनदा बोलायचे तेव्हा मला एक वाक्य कळायचं.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. ज्याच्यावर पोट भरतं त्याची पूजा करायची आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. मी बीपीचं मशीन, रजिस्टर आणि तो मेला राउटर, सगळं पाटावर मांडलं. राउटरच्या वायरी काढल्या, हळद-कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. पण फोन बंद राहील हे पेशंटच्या घरी कळवायचं साफ विसरले. चूक माझीच.

भर दुपारी निघायच्या तयारीत होते, तोच टेबलावरचा फोन वाजला. सवयीनं उचलला. प्रभादेवीच्या सामंतकाकू. आवाज इतका स्वच्छ, की जणू शेजारी बसून बोलतायत.

"मंगल, अगं हे बाथरूममध्ये पडलेत. डोळे उघडत नाहीत. सुनंदा पूजेला घरी गेलीय, मी एकटीच आहे."

"काकू, दार उघडून ठेवा. त्यांना हलवू नका. सुनंदा येतेच."

सुनंदा, त्यांच्याकडची आमची बाई, त्यांच्या मागच्याच गल्लीत राहते. मोबाइलवरून तिला पळवलं, अॅम्ब्युलन्स बोलावली. काका वाचले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं.

हे सगळं उरकल्यावर माझं लक्ष पाटाकडे गेलं. राउटर तिथंच, फुलासकट. वायरी बाजूला गुंडाळलेल्या. आणि फोन तर त्याच्यावरच चालतो.

दसऱ्यानंतर केबलवाल्याला बोलावलं. त्यानं कॉम्प्युटरवर कॉलची यादी काढली — त्या दिवशीचा एकही कॉल नाही. काकूंच्या मोबाइलवर मात्र दिसतोय, माझ्याच नंबरला, दोन मिनिटांचा.

"ताई, असं होऊच शकत नाही," तो म्हणाला.

"झालं ना पण," मी म्हटलं.

काकू म्हणतात, देवी पावली. असेल. मला काही सांगता येत नाही, आणि आता मी विचारायचंही सोडलंय. काका रोज संध्याकाळी गॅलरीत बसतात, बायांवर खेकसतात. ते गेले असते, तर राउटर मी माझ्या हातानं बंद केला होता, हे मला जन्मभर पुरलं असतं.